पार्किन्सन्समधलं घाबरणं: आधी गोळ्यांच्या वेळा बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की मामंजींना पार्किन्सन्स होऊन पाच वर्षं झाली. गोळ्या सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री आठ अशा वेळांना चालू आहेत. हल्ली साडेअकराला आणि परत दुपारी साडेतीनला छातीत धडधड, घाम, 'मला काहीतरी होतंय' असं सुरू होतं. ईसीजी नॉर्मल. रंकाळ्यावर फिरायला जाणं बंद. पाहुणे म्हणतात मनाला लावून घेतलंय, आणि तुमचा प्रश्न आहे मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं का.

न्या की. पण त्याआधी तुम्हीच लिहिलेल्या वेळा परत वाचा. दोन्ही वेळा पुढच्या गोळीच्या अर्धा तास आधीच्या आहेत. लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सन्सच्या गोळीतल्या मुख्य औषधाचा, अंमल उतरायला लागला की हातपाय जड होतात तसं मनही घाबरं होतं. काहींची तर थरथर वाढतच नाही, नुसती भीती येते. डॉक्टर याला 'वेअरिंग ऑफ' म्हणतात. आठवडाभर एका वहीत लिहा: गोळी कधी घेतली, जेवले कधी, घाबरणं कधी सुरू झालं, कधी थांबलं, त्या वेळी चाल कशी होती. गोळीनंतर तासाभरात माणूस निवळून चहा मागत असेल, तर ती वही न्यूरॉलॉजिस्टपुढे ठेवा. ते गोळ्यांमधलं अंतर कमी करतील किंवा जोडीला दुसरं औषध देतील. आमच्या ह्यांचं बरंचसं घाबरणं तेवढ्यानंच कमी झालं. मात्र वेळा आपल्या मनानं बदलू नका, आणि कुठलीही गोळी एकदम बंद तर अजिबात नको. त्यानं जिवावर बेतू शकतं.

जेवणाचंही बघा. प्रथिनं आणि लेव्होडोपा शरीरात शिरायला एकाच वाटेनं भांडतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. रविवारी मटणाच्या ताटावर बसून गोळी घेतली की दुपार हमखास वाईट जाते. रस्सा सोडायला कुणी सांगत नाही (कोल्हापुरात सांगून तरी कोण ऐकणार), गोळी आधी घ्या एवढंच.

आता, गोळीचा अंमल असतानाही दिवसभर उदास असतील, भूक-झोप गेली असेल, 'मी ओझं झालोय' म्हणत असतील, तर ते नैराश्य आहे आणि त्याला वेगळा उपचार लागतो. हा आजार मेंदूत डोपामिनपुरता (हालचाल सांभाळणारं रसायन, लेव्होडोपातून हेच बनतं) थांबत नाही, मन सांभाळणाऱ्या सेरोटोनिनलाही धक्का लावतो. पुष्कळांना थरथर सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी उदासी किंवा चिंता सुरू झालेली असते. त्यामुळे 'खंबीर व्हा' म्हणून काही होत नाही. उलटंही होतं: चेहऱ्याचे स्नायू आखडल्यामुळे माणूस रुसल्यासारखा दिसतो, पण आत ठीक असतो. म्हणून चेहऱ्यावरून ठरवू नका, त्यांनाच विचारा.

सर्ट्रालिन, एसिटालोप्राम, व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यावरची औषधं पार्किन्सन्समध्ये वापरतात. गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, तोवर धीर धरा. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन ही पार्किन्सन्सचीच औषधं चालू असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना आवर्जून सांगा, एकत्र देताना जपावं लागतं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामनं तात्पुरतं शांत वाटतं, पण तोल जातो, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं की सगळंच अवघड. बोलण्यातून करायचा उपचार, म्हणजे सीबीटी, यालाही चांगला आधार आहे.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांचा. ॲसिडिटीच्या गोळीत लेव्होसल्पिराइड असतं, उलटीला मेटोक्लोप्रामाइड, चक्करेला सिनारिझिन. ही तिन्ही डोपामिनच अडवतात. मामंजींचा डबा एकदा उपडा करून प्रत्येक पट्टीमागचं नाव वाचा. थायरॉइड आणि बी-१२ तपासलं नसेल तर तेही करून घ्या.

फिरायला गोळीनंतर तासाभरानं न्या, पाय चालतात तेव्हा भीतीही कमी असते. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे. मानसोपचार विभाग कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही आहे.

आणि न्यूरॉलॉजिस्टची वेळ जमलं तर साडेअकराचीच घ्या, बाराची गोळी पिशवीत ठेवून. एरवी डॉक्टरांसमोर माणूस अगदी ठणठणीत बसतो आणि आपणच खोटे ठरतो.