आईवडिलांसोबत क्रूझ: एक सूट की दोन साध्या केबिन?

तुम्ही विचारलंय की आईवडिलांना घेऊन पहिल्यांदाच क्रूझला जायचंय, तर चौघांत एक सूट, म्हणजे बैठकीची खोली आणि बेडरूम असलेली मोठी, महागडी केबिन घ्यावी की दोन साध्या केबिन, म्हणजे जहाजावरच्या खोल्या, आणि सूटवाल्यांना जेवणात आणि सर्व्हिसमध्ये खरंच काही वेगळं मिळतं का. दोन केबिन घ्या. पैसे वसूल होतात की नाही ते नंतर बघू. आधी मला सांगा, त्या सूटमध्ये आईवडील झोपणार कुठे?

हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारला नव्हता. बेत दादाचा होता. आईबाबा आणि दादा-वहिनी एका सूटमध्ये, आणि मी आणि नवरा स्वतंत्र इनसाइड केबिनमध्ये, म्हणजे खिडकीसुद्धा नसलेल्या. दादाचा हिशोब कागदावर अगदी बरोबर होता. क्रूझचं भाडं माणशी असतं आणि ते एका केबिनमध्ये दोन माणसं धरून लावलेलं असतं. त्याच केबिनमध्ये तिसरा-चौथा आला तर त्याचं भाडं बहुतेक वेळा बरंच कमी पडतं. म्हणजे चौघांत सूट घेतला की डोईमागचा खर्च खाली येतो. वर ‘आईबाबांना सूटमध्ये नेलं’ असं म्हणायला मोकळे.

सूटच्या फोटोत लांबलचक बाल्कनी होती, जेवणाचं टेबल होतं आणि खाली ‘चार जणांची सोय’ लिहिलेलं होतं. त्यातल्या दोघांची सोय म्हणजे बाहेरच्या खोलीतला ओढून उघडायचा सोफा. बेडरूम एकच. पहिल्या रात्री दादा म्हणाला, “तुम्ही आत झोपा.” आई म्हणाली, “नको रे, आम्हाला कुठेही झोप लागते.” आणि दादाने ते खरं मानलं! आईचं ‘कुठेही चालेल’ हे वाक्य ऐकून निर्धास्त झोपी जाणारा माणूस जगात असू शकतो, हे मला तिथे कळलं.

मग रोज संध्याकाळी स्ट्युअर्ड, म्हणजे केबिन आवरणारा माणूस, येऊन सोफा उघडायचा आणि सकाळी मिटायचा. दुपारी बाबांना आडवं व्हायची सवय. सोफा मिटलेला, म्हणून ते बसल्या बसल्या डुलक्या काढायचे. त्याहून वाईट बाथरूमचं. ते एकच होतं आणि त्याचं दार बेडरूममधून. रात्री उठायचं म्हणजे मुलगा-सून झोपलेत त्या खोलीतून जायचं. बाबांनी तक्रार केली नाही. त्यांनी संध्याकाळनंतर पाणी प्यायचंच बंद केलं. हे मला आईने बोलता बोलता सांगितलं तेव्हा माझं डोकं असं फिरलं की काही विचारू नका.

दादाला बोलले तर म्हणाला, “अगं, एवढा मोठा सूट आहे, तुला सवय नाही म्हणून वाटतं.” सवय नाही हे खरं. आमच्या केबिनचं बाथरूम इतकं लहान होतं की साबण पडला तर उचलायला दार उघडावं लागे. पण ते आमचं होतं, आणि रात्री तिथे जायला कुणाला ओलांडावं लागत नव्हतं.

दादाची दुसरी हुशारी म्हणजे त्याने ‘गॅरंटी’ घेतली होती. त्यात पैसे भरताना फक्त प्रकार पक्का होतो, नेमकी केबिन कंपनी आपल्या सोयीने नंतर देते. थोडं स्वस्त पडतं. त्याला मिळाला जहाजाच्या शेपटाकडचा सूट, बरोब्बर बुफेच्या खाली. उजाडायच्या आत डोक्यावर ट्रॉल्या फिरायला लागायच्या, मग खुर्च्या सरकायच्या. बदलून मागायला तो काउंटरवर गेला. गॅरंटीत जे मिळेल ते आपलं, असं शांतपणे ऐकून परत आला, आणि आम्हाला मात्र सांगितलं की जहाज भरलेलं आहे. केबिन निवडताना तिच्या वर आणि खाली काय आहे ते डेकच्या, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या, नकाशात बघायचं. वर केबिन, खाली केबिन, आजूबाजूला केबिन, अशी जागा सगळ्यात शांत. वर स्विमिंग पूलचा डेक, बुफे किंवा थिएटर असेल तर कितीही महागडी असो, सोडून द्या.

आणखी एक गोष्ट विकताना कुणी सांगत नाही. लाटांवर जहाज पुढेमागे डुलतं तेव्हा टोकं सर्वांत जास्त वरखाली होतात, मधला भाग कमी. आणि दोन्ही कुशींवर कलतं तेव्हा जितकं उंच तितकं जास्त जाणवतं. जहाजाच्या पाण्याखालच्या कुशींना बसवलेले स्टॅबिलायझरचे पंख हे कलणं कमी करतात, पुढेमागे डुलण्यावर त्यांचा फारसा उपाय नाही. सूट बहुतेक वरच्या डेकवर असतात आणि बरेचसे टोकाला, कारण विकायचं असतं ते दृश्य. थोडक्यात, ज्याला बोट लागते त्याने जास्त पैसे मोजून जास्त हलायचं. आईला दोन दिवस मळमळत होतं. खालच्या डेकवर, मध्यावर असलेल्या आमच्या अंधाऱ्या खोलीत येऊन पडली की बरं वाटायचं. हळूहळू दुपारी दोघंही आमच्याकडेच यायला लागले. आमच्या स्ट्युअर्डच्या ते लक्षात आलं. न सांगता तो दोन जादा उश्या आणि एक पांघरूण ठेवून जायला लागला. त्याच्याकडे सूटच्या स्ट्युअर्डपेक्षा कितीतरी जास्त खोल्या होत्या. तुमचा सर्व्हिसचा प्रश्न आहे ना, त्याचं माझं उत्तर हेच आहे. दादाच्या मते ‘जास्त पैसे मोजले की जास्त सेवा मिळते’. मिळते, नाही असं नाही. तुमच्यासाठी रेस्टॉरंटची टेबलं कुणीतरी बुक करतं, कॉफी खोलीत येते, रांग चुकते. पण माणसाकडे बघून काय हवं ते ओळखणं कुठल्याही कॅटेगरीत बसवलेलं नसतं.

आता जेवण. बऱ्याच मोठ्या जहाजांवर सूटवाल्यांचं जेवणघरच वेगळं असतं. हा प्रकार आजचा नाही. जादा पैसे देऊन खास जेवायची सोय १९०५ साली हॅम्बुर्ग-अमेरिका लाइनच्या ‘अमेरिका’ जहाजावर रिट्झ या नामांकित हॉटेलवाल्याच्या नावाने होती, आणि टायटॅनिकवरही पहिल्या वर्गाच्या नेहमीच्या भोजनगृहाखेरीज वेगळे पैसे घेणारं एक रेस्टॉरंट होतंच. कुनार्ड कंपनीच्या क्वीन मेरी २ जहाजावर तुमची खोली कुठली त्यावर तुमचं जेवणघर ठरतं: क्वीन्स ग्रिल, प्रिन्सेस ग्रिल, नाहीतर सगळ्यांचं ब्रिटानिया. बाकीच्या क्रूझ कंपन्यांतही सूटवाल्यांची अशी वेगळी जागा असते: सेलिब्रिटीचं ल्युमिने, रॉयल कॅरिबियनचं कोस्टल किचन, नॉर्वेजियनचं हेवन, २००८ च्या फॅन्टॅसियापासूनचा एमएससीचा यॉट क्लब, सगळीकडे कल्पना तीच. जहाजाच्या आत भिंत घालून आणखी एक छोटं जहाज.

पण भिंत घातली की कुणीतरी बाहेर राहणारच. पहिल्या संध्याकाळी आम्ही सहाजण मिळून सूटच्या रेस्टॉरंटपाशी गेलो. दारातल्या माणसाने कार्ड पाहिली, चौघांना आत घेतलं आणि आम्हा दोघांना अतिशय गोड हसून थांबवलं. दादा म्हणाला, “नियमच आहे गं तो, त्याचे तर पैसे मोजलेत.” म्हणजे सगळे एकत्र जायचं म्हणून काढलेल्या सहलीत जेवण वेगवेगळं, आणि त्याचेच पैसे मोजलेले!

बाबांना कमी मिठाचं लागतं. सूटच्या रेस्टॉरंटमध्ये पहिल्याच दिवशी वेटर ते विसरले आणि दुसऱ्या दिवशीही. आमच्या मुख्य डायनिंग रूममध्ये हेडवेटर रोज रात्री उद्याचा मेनू घेऊन यायचा. त्यावर खूण करून द्यायची, दुसऱ्या दिवशी पदार्थ तसा तयार. पथ्य असलेल्यांसाठी ही पद्धत बहुतेक जहाजांवर असते, फक्त बुकिंग करतानाच कळवायचं आणि पहिल्या संध्याकाळी हेडवेटरला गाठून पुन्हा सांगायचं. झालं, आईबाबा आमच्या टेबलावर आले ते आलेच. लॉबस्टरच्या रात्री वहिनीपण आली. शेवटी शेवटी दादा तिकडे एकटा जेवत होता. का, तर पैसे भरलेत.

एक मात्र करा, ठरलेल्या वेळेचं जेवण घ्या. नॉर्वेजियनने २००० साली ‘वाटेल तेव्हा, वाटेल तिथे जेवा’ ही पद्धत आणली आणि बाकीच्यांनी तिची आपापली रूपं काढली. मोकळीक छान वाटते, पण त्यात रोज नवं टेबल आणि नवा वेटर, म्हणजे बाबांचं मीठ रोज नव्याने समजावायचं. ठरलेल्या वेळेत तेच टेबल, तीच माणसं. जादा पैशांच्या रेस्टॉरंटमध्ये सूट न घेऊन वाचलेले पैसे घालायचे असतील तर एखाद्या संध्याकाळी घाला, रोज नको. तिथल्या बिलावर आणि बारच्या बिलावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क चढतं, ते हिशोबात धरा.

बहुतेक मोठ्या कंपन्यांत रोजची टिपही माणशी आपोआप खात्यात लागते आणि सूटवाल्यांना ती जास्त असते. दादाने शेवटच्या दिवशी ती काढून टाकायचा विचार बोलून दाखवला होता. तिथे वहिनीनेच त्याला गप्प केलं. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ पासून लागू आहे, त्यात कर्मचाऱ्याला दिवसाच्या २४ तासांत किमान १० तास विश्रांती हवी असं आहे. उरलेले किती तास काम असू शकतं ते तुम्हीच मोजा. तुमच्या आईवडिलांचा सोफा रोज उघडणाऱ्या माणसाच्या टिपेला हात लावू नका.

आता बुकिंग. मी आज केलं तर असं करेन: आईबाबांना मध्यावर, फार उंच नसलेल्या डेकवर बाल्कनीची केबिन, नेमका नंबर निवडून. आणि त्याच कॉरिडॉरमध्ये समोर आपल्याला इनसाइड. बाल्कनी सगळ्यांची, बाथरूम दोन. हा खर्च सूटपेक्षा बहुतेक वेळा कमीच येतो, तरी दोन्ही भाडी कर आणि टिपा धरून शेजारी लिहून बघा. बाबांसारखं गुडघ्याचं दुखणं असेल किंवा व्हीलचेअर असेल तर रुंद दाराची, उंबरठा नसलेल्या बाथरूमची केबिन मागा. त्या थोड्याच असतात, लवकर जातात. एजंटाकडून घेतलंत तर नंतरचा प्रत्येक बदल त्याच्यामार्फतच होतो, कंपनी तुमच्याशी थेट बोलत नाही. तेव्हा फोन उचलणारा एजंट बघा. शेवटचा हप्ता भरायच्या आधी भाडं उतरलं तर बऱ्याच ठिकाणी नव्या भावाने करून मिळतं, पण आपण विचारल्याशिवाय कुणी देत नाही. वरच्या दर्जाची केबिन मिळवण्यासाठी बोली लावायची मेल येते तिच्या नादी आईवडील बरोबर असताना लागू नका. बोली माणशी असते आणि जिंकलात तर निवडलेली जागा हातची जाते.

सूट वाईटच असतात असं माझं म्हणणं नाही. दोघंच जाणार असाल, प्रवासात समुद्रावरचे दिवस जास्त असतील आणि सूटवाल्यांसाठी वेगळा डेक असलेलं जहाज असेल तर मजा आहे. दोन बेडरूम आणि दोन बाथरूमचेही सूट असतात, परवडला तर माझे बरेच आक्षेप तिथेच संपतात. सिल्व्हरसी किंवा रीजंटसारख्या कंपन्यांच्या सागरी जहाजांवर सगळ्याच खोल्या सूट, त्यामुळे दारात कुणी अडवत नाही. आणि दादाच्या रेस्टॉरंटमधलं जेवण आमच्यापेक्षा चांगलं होतं, मीठ सोडून. आईच म्हणाली. एका बंदरात धक्का नव्हता, छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जायचं होतं. तिथे सूटवाले आधी उतरले, आईबाबांना रांगेत उभं राहावं लागलं नाही. दादा हे अजून ऐकवतो. आम्ही पोचेपर्यंत ते दोघं किनाऱ्यावर उन्हात ताटकळत बसले होते, ते सांगत नाही.

पुढच्या सहलीचं डिपॉझिट त्याने उतरायच्या आधी जहाजावरच भरून टाकलंय, पुन्हा चौघांत एक सूट. जहाजावर भरलेलं हे डिपॉझिट बहुतेक कंपन्यांत नंतर दुसऱ्या तारखेला किंवा दुसऱ्या केबिनला फिरवता येतं. मी त्याला अटींचं पान पाठवलंय. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.