जीन थेरपीतल्या व्हायरल व्हेक्टरला, म्हणजे जीन पेशीत वाहून नेणाऱ्या विषाणूला, यकृत नेमकं कसं सापडतं? त्यावर पत्ता लिहिलेला असतो का?

पत्ता कसला, यकृतच त्याला वाटेत अडवतं. ‘टार्गेट’ हा शब्द ऐकला की माझं डोकं तापतं. त्यापायी माझं गाइडशी दीड वर्ष वाजत होतं.

आमचा प्रकल्प हृदयाचा. एएव्ही-९ मध्ये (एएव्ही हा व्हेक्टर म्हणून वापरला जाणारा छोटा विषाणू, ९ हा त्याचा एक प्रकार) ल्युसिफरेज या उजेड पाडणाऱ्या प्रथिनाचा जीन, प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा) कुठल्याही पेशीत चालणारा, इंजेक्शन उंदराच्या शेपटीच्या शिरेत. कॅमेऱ्याखाली छातीत बऱ्यापैकी उजेड, पण पोट त्याहून लख्ख. सर म्हणाले, “इंजेक्शन चुकलंय.” ३ वेळा परत केलं, पोट तसंच. चुकत काहीच नव्हतं. यकृतातून रक्त सतत वाहतं, आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला १०० नॅनोमीटरच्या आसपासची छिद्रं असतात. एएव्हीचा कण जेमतेम २५ नॅनोमीटरचा. पलीकडे हिपॅटोसाइट, म्हणजे यकृतपेशी, उघड्यावरच बसलेल्या. मग कॅप्सिड, म्हणजे विषाणूचं प्रथिनांचं कवच, पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि पेशी त्याला आत ओढते. कॅप्सिडप्रमाणे कमी-जास्त होतं हे खरं, पण निम्मं काम रक्तप्रवाह आणि छिद्रंच करून टाकतात.

शेवटी मी जीनच्या टोकाला मायक्रोआरएनए-१२२ शी जुळणाऱ्या जागा जोडल्या. हा आरएनए यकृतपेशींत खच्चून भरलेला असतो, जीनवरून उतरवलेला जुळणारा संदेश दिसला की त्याचं तोंड बंद करतो. पोट अंधारलं. सर खूश! स्लाइडवर मथळा आला: ‘यकृत टाळणारा व्हेक्टर’. मी यकृताचा तुकडा घेऊन क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजायची चाचणी) लावलं, तर व्हेक्टरच्या प्रती पूर्वीइतक्याच. तो यकृतात पोचून गप्प बसला होता. त्या मोजणीची आकृती पोस्टरवर गेली नाही. का, तर “लोकांचा गोंधळ होईल.”

गोंधळ झालेलाच बरा. पोचणं वेगळं, जीन चालू होणं वेगळं. यकृतासाठीच थेरपी असली की हेच उलटं करतात: यकृतपेशींतच चालणारा प्रमोटर जोडतात. हिमोफिलिया-बी या रक्त नीट न गोठण्याच्या आजारावरच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एएव्ही-८ आणि असाच प्रमोटर होता, सलाइनसारखं शिरेतून दिलं तरी भागलं. त्याआधीच्या एएव्ही-२ च्या चाचणीत थेट यकृताच्या धमनीत सोडावं लागलं होतं.

आणि यकृतात अडकलेला व्हेक्टर निरुपद्रवी असतो, असंही समजू नका. झोलजेन्स्मा हे एएव्ही-९ वापरणारं औषध मज्जारज्जूतल्या चेतापेशींसाठी, पण त्यावरचा ठळक इशारा यकृताच्या इजेचा आहे. तेव्हा या विषयात प्रोजेक्ट घेणार असाल तर चमकत्या उंदरांचे फोटो नंतर दाखवा, प्रती आधी मोजा. आणि गाइड काहीही म्हणोत, ती आकृती मुख्य पेपरात घाला, पुरवणीत नको.

हे सगळं एएव्हीबद्दल, बरं का. ॲडेनोव्हायरस साधारण ९० नॅनोमीटरचा, त्याचा बराचसा डोस कुप्फर पेशीच (यकृतातल्या भक्षक पेशी) गिळतात. शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदराच्या यकृतात एएव्ही-८ जितका जोर दाखवतो तितका माणसात दाखवत नाही.

सरांच्या बाजूने एकच गोष्ट: सुरुवातीच्या एका उंदराचं इंजेक्शन खरंच शिरेबाहेर गेलं होतं. त्याची शेपटी चमकली, पोट नाही.