धडधड, धाकधूक आणि तिन्हीसांजेची किरकिर

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एक आई लिहिते:

‘मुलगा बारा वर्षांचा. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) दीड वर्ष मिथाइलफेनिडेटची दिवसभर चालणारी गोळी घेतोय. जूनमध्ये डोस १८ मिलिग्रॅमवरून ३६ केला. अभ्यासाबद्दल शाळा खूश आहे. घरी मात्र तो नखं कुरतडतो, हात थरथरतात, विचारलं की “आय फील वियर्ड” एवढंच सांगतो. जुलैअखेर आम्ही पाच आठवडे ठाण्याला, नौपाड्यात सासरी येतोय. सासूबाई म्हणतात, सुट्टीत गोळी बंदच करा. नवरा म्हणतो, अर्धी करू. मी काय करू?’

अर्धी करू नका, हे सगळ्यात आधी सांगते. हे ज्ञान मी फार महागात मिळवलंय.

काही वर्षांपूर्वी माझा दहा वर्षांचा पुतण्या अमेरिकेहून आमच्याकडे पाचपाखाडीला आला होता. त्याचीही अशीच गोळी. एका सकाळी ती त्याला गिळवेना, म्हणून मी मोठ्या शहाणपणाने ती खलबत्त्यात कुटली आणि शिकरणीत कालवली. साडेआठला वाटी चाटूनपुसून झाली. दहाच्या सुमारास बघते तर हा बाल्कनीत ग्रिल धरून उभा, एका पायावरून दुसऱ्या पायावर, ओठ कोरडे, बनियनवरून छाती उडताना दिसतेय. ‘काकू, माझं हार्ट पळतंय.’ जावेने तिकडच्या डॉक्टरांना रात्रीच्या वेळी फोन लावला, मी इथल्या डॉक्टरांना. दुपारपर्यंत उतरलं सगळं, पण ते चार तास मी विसरलेली नाही. त्या गोळीचं कवच म्हणजे एक छोटा पंप असतो. आत पाणी शिरतं, फुगतं आणि औषध एका बारीक भोकातून हळूहळू बाहेर ढकललं जातं. दहा-बारा तासांचं औषध मी त्याला एका वाटीतून पाजलं होतं. (औषध संपलेलं ते कवच कधी कधी शौचावाटे अख्खं पडतं. ते पाहून आजी घाबरतात, गोळी विरघळलीच नाही म्हणतात. आधीच सांगून ठेवा.) तुमची १८-३६ च्या हिशोबातली गोळी म्हणजे बहुधा याच जातीची. खोक्यावर ‘चावू नका, फोडू नका’ असं लिहिलेलं असेल, ते वाचा.

अर्धी करण्यामागचा तुमच्या यजमानांचा हेतू मात्र बरोबर आहे. १८ आणि ३६ यांच्या मधे २७ ची गोळी मिळते. निघण्याआधी क्लिनिकला फोन करून एवढंच विचारा, ‘डोस वाढवल्यापासून हे होतंय, २७ वर येता येईल का?’ सुट्टीत गोळीला विश्रांती द्यायची का, हेही तेच ठरवतील. काही मुलांना देतात, विशेषतः भूक गेली असेल, वजन-उंची मागे पडत असेल तर. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, आणि सासूबाईही नाहीत.

आता त्या ‘वियर्ड’कडे येते. मला तुमच्या पत्रातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटली. तुमच्या मुलाकडे एकच शब्द आहे आणि तो सगळ्याला पुरतोय. आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. धडधड वेगळी, धाकधूक वेगळी, किरकिर वेगळी, हुरहूर तर अगदीच वेगळी. सुट्टीत त्याला हे चार शब्द शिकवा. मराठी सुधारावी म्हणून नाही. या चारांच्या वेळा वेगळ्या असतात, आणि त्यामुळे उपायही.

धडधड शरीरातली. हे औषध मेंदूत डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही दोन रसायनं परत शोषली जाणं रोखतं. डोपामिनमुळे लक्ष टिकतं. नॉरअ‍ॅड्रेनलिन लक्षालाही मदत करतं, पण शिवाय नाडी वाढवतं, हात थरथरवतं, पोटात गोळा आणतं. म्हणजे मनात भीती नसतानाही शरीर घाबरल्यासारखं वागतं, आणि मग पोराला वाटतं, ज्याअर्थी छाती उडतेय त्याअर्थी काहीतरी वाईट होणार आहे. ही धडधड गोळीनंतर दीड-दोन तासांत किंवा भरदुपारी, औषध चढत असताना दिसते. डोस वाढवल्यावर पहिले काही दिवस ती असते आणि अनेकदा आपोआप बसते. तुमच्याकडे जूनपासून आहे म्हणजे बसलेली नाही, म्हणूनच फोन करा म्हटलं.

धाकधूक कशाची तरी असते. उद्या चुलत भावंडं भेटणार, माझं मराठी ऐकून हसणार. तिला गोळीचं घड्याळ नसतं. ती गोळी न घेतलेल्या दिवशीही येते, आणि एडीएचडीच्या बऱ्याच मुलांना ती मुळातच जास्त असते. डोस कमी करून ती जात नाही. तिला बोलणं लागतं, कधी रीतसर समुपदेशन लागतं.

किरकिर संध्याकाळची. औषध उतरताना तासभर मूल चिडचिडं, रडवेलं, कशानेही बिनसणारं होतं. सकाळी सातला गोळी घेतली तर ही वेळ नेमकी पाच ते सातच्या मधे, म्हणजे आपल्या दिवेलागणीला पडते. आता नौपाड्यात काय होणार ते मी आत्ताच सांगू शकते. तिन्हीसांजेला पोर किरकिर करतंय म्हणून सासूबाई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढतील. अर्ध्या तासाने ते शांत होईल आणि त्यांचा विश्वास पक्का होईल. काढू द्या. मीठ-मोहरीचं गोळीशी काही वाकडं नाही. फक्त त्याच्या आधी, साडेचार-पाचला, त्याला पोटभर खायला द्यायला सांगा. दुपारी भूक मेलेली असते, त्यामुळे संध्याकाळची निम्मी किरकिर नुसती उपाशीपोटाची असते. थालीपीठ आणि दही, किंवा उकडलेली अंडी. आणि खरं सांगायचं तर आजीबरोबर संथपणे म्हटलेली रामरक्षा या वेळेला फार उपयोगी पडते. एकेक ओळ लांबवायची म्हणजे श्वास आपोआप सावकाश बाहेर सुटतो. श्लोक नको असतील तर चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. काम तेच.

हुरहूर रात्रीची, अंथरुणावरची. ती निम्मी रेडिंगच्या मित्रांची असते, निम्मी न येणाऱ्या झोपेची.

एक दोनशे पानी वही घ्या. गोळीची वेळ, त्याआधी काय खाल्लं, आणि दिवसात यापैकी काय, किती वाजता. एवढंच. लिहिण्याचं काम सासूबाईंना द्या. हे मी अगदी मनापासून सांगते. ‘गोळीने वाट लावली’ म्हणणारं माणूस आठवडाभर वेळा लिहायला लागलं की आपोआप प्रश्न विचारायला लागतं.

नाश्त्याआधी गोळी नको. पोहे नुसते देऊ नका, बरोबर दूध, अंडं, मुगाचं धिरडं, काहीतरी टिकणारं द्या. आणि चहा. आपल्याकडे बारा वर्षांच्या नातवाला ‘अर्धा कप घे रे’ म्हणणं हे प्रेम असतं, आणि उकळून उकळून काळा केलेल्या त्या अर्ध्या कपातलं कॅफीन या औषधावर चढवलं की धडधड वाढते. कोलाही तसाच. तेवढंच लक्ष सर्दीच्या गोळ्यांकडे द्या. जुलै-ऑगस्टचं ठाणं, दमट हवा, तलावपाळीवर एकदा भिजून आला की शिंका सुरू. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळणाऱ्या सर्दीच्या अनेक गोळ्यांत फेनिलएफ्रिन असतं, काहींत कॅफीनसुद्धा. दोन्ही रक्तदाब वाढवू शकणारे. तुमच्या मुलाला त्या विचारल्याशिवाय नकोत. वाफ द्या.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक पोटवाक्य: तुमची मुलं अनेकदा अँफेटामिनच्या गटातली औषधं घेतात. पोट बिघडलं म्हणून आजीने दिलेलं खायच्या सोड्याचं पाणी त्या औषधांचा अंमल वाढवतं. आणि त्यातलं अ‍ॅडरॉल इथे मिळत नाही, त्यामुळे आणायला विसरलात तर विसरलात.

बसून, शांत असताना नाडी मोजायला शिका. मनगटावर तीन बोटं, पूर्ण एक मिनिट. ती सतत १२० च्या वर राहिली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडला, नसलेलं दिसू-ऐकू लागलं, किंवा जगण्याबद्दल नकोसं बोलू लागला, तर वही बाजूला ठेवून थेट इस्पितळ. घराण्यात कुणी तरुणपणी हृदयाने अचानक गेलं असेल, तर ते तिकडच्या डॉक्टरांना माहीत आहे का, तेही तपासा. अशा गोष्टी आपल्याकडे सासूबाईंनाच ठाऊक असतात.

सासूबाईंच्या विरोधाचं म्हणाल, तर त्यामागे गोळीपेक्षा आमचं गाव जास्त आहे. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे, आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद अख्ख्या महाराष्ट्राने आमच्या डोक्यावर मारलाय. ज्या बाईने नौपाड्यात आयुष्य काढलं, तिला ‘मेंदूचं औषध’ म्हटल्यावर पहिल्यांदा काय आठवणार? याच ठाण्यात १९९० पासून आयपीएचसारखी (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) संस्था मनाच्या आरोग्यावर मोकळेपणाने बोलतेय, तिथे पालक रांगेने येतात, हेही त्यांनी पाहिलेलं असेल. तिथून सुरुवात करा. ‘तुमचं चुकतंय, आई’ इथून नको. चष्म्याचं उदाहरण सगळे देतात, मला ते फारसं पटत नाही, चष्म्याने कुणाची छाती धडधडत नाही. त्याऐवजी सरळ सांगा: औषधाने फायदा होतोय आणि त्रासही होतोय, त्रास कमी करायचाय, तुमची मदत हवी.

प्रवासाचं थोडक्यात. गोळ्या मूळ खोक्यात, हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांचं पत्र सोबत. पाच आठवड्यांचा साठा तिकडूनच आणा. मिथाइलफेनिडेट इथे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे, रेडिंगच्या चिठ्ठीवर गोखले रोडला ते कुणी काढून देणार नाही. वाटेत दुबईला उतरून राहणार असाल तर अमिरातीची परवानगी आधी काढावी लागते.

आणि घड्याळ. उन्हाळ्यात ठाणं तुमच्यापेक्षा साडेचार तास पुढे. लंडनच्या सकाळी आठच्या सवयीने गोळी दिलीत तर इथे साडेबारा वाजलेले असतील आणि पोर मध्यरात्रीपर्यंत टक्क जागं. मग दोन दिवसांच्या जागरणाची चिडचिड तुम्ही औषधाच्या खात्यावर लिहाल. आल्याच्या दिवशीची गोळी द्यायची की सोडायची ते क्लिनिकला त्याच फोनवर विचारा, दुसऱ्या दिवसापासून इथल्या सकाळी सातला. वहीची पहिली दोन पानं हिशोबात धरू नका. परतताना उलटं होईल. त्या दिवशी संध्याकाळ साडेचार तास उशिरा येईल, किरकिर मात्र विमानात किंवा इमिग्रेशनच्या रांगेत ठरल्या वेळी हजर. दुसरी गोळी देऊ नका. पर्समध्ये शेंगदाण्याच्या दोन चिक्क्या ठेवा.