मुलाखत झाली, निकाल अजून नाही: वाचकांची पत्रे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची आहेत. पीएच.डी.साठी फेलोशिप किंवा अन्य आर्थिक साहाय्य मिळावे म्हणून मुलाखत दिली आहे आणि पुढे काहीच कळत नाही, अशी तिघांचीही अडचण आहे. म्हणून या अंकात दुसरे विषय घेतलेले नाहीत.

प्रश्न: मी रत्नागिरी तालुक्यातील खाडीकाठच्या एका वाडीत राहते. माझे वय २७ आहे. भूगोल विषयात एम.ए. केल्यानंतर मी नेट परीक्षेत ‘सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेश’ या गटात उत्तीर्ण झाले. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची कनिष्ठ फेलोशिप, थोडक्यात हुकली. खारबांध फुटल्यावर भातशेतीच्या जागी कांदळवन कसे येते, हा माझा विषय आहे. मार्चमध्ये एका फेलोशिपसाठी मुलाखत झाली. समितीतील एका सरांनी विचारले, “ज्या बांधाच्या आत तुम्ही मातीचे नमुने घेणार, तोच उधाणात गेला तर तुमच्या संशोधनाचे काय?” मला काही सुचले नाही. “तसे होऊ नये याची काळजी घेईन,” एवढेच मी म्हणाले. निकाल चार आठवड्यांत लागेल असे सांगितले होते, आता सात आठवडे होऊन गेले. वाडीत रेंज नाही, म्हणून मी दिवसातून तीन-चार वेळा सड्यावर (वरच्या कातळमाळावर) चढून मेल पाहते. जूनपासून तासिका तत्त्वावर शिकवाल का, अशी जवळच्या महाविद्यालयाकडून विचारणा झाली आहे. ते काम घ्यावे की थांबावे? आणि त्या एका उत्तराने सगळे गेले असेल का?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: मे महिन्यातील दिवस वाया जाऊ नयेत म्हणून या पत्राचे उत्तर मी टपालाने आधीच पाठवले आहे. तेच थोडे विस्ताराने येथे देत आहे, कारण असे प्रश्न पडणारे आपल्याकडे अनेक जण आहेत.

आधी त्या उत्तराविषयी. मी काही वर्षे अशा निवड समित्यांवर बसलो आहे. उमेदवार बाहेर गेल्यावर समितीतील सदस्य एकमेकांत फार थोडा वेळ बोलतात, आणि त्या बोलण्यात “अमुक प्रश्नाचे उत्तर चुकले” हे वाक्य मी क्वचितच ऐकले आहे. “हे काम तीन-चार वर्षांत होईल का”, “हिने ती जागा स्वतः पाहिली आहे का”, “मार्गदर्शकाने लिहून दिलेले वाचून दाखवले की स्वतःचे सांगितले”, असे बोलणे चालते. एका प्रश्नावर अडखळलेली परंतु बाकी वेळ आपल्या खाडीविषयी नेमके बोललेली मुलगी आम्ही निवडलेली आहे, आणि प्रत्येक प्रश्नाला घडाघडा उत्तरे देणारा मुलगा, त्याला स्वतःच्या अभ्यासक्षेत्रातील गावांची नावेही सांगता आली नाहीत म्हणून, आम्ही सोडून दिलेला आहे. तेव्हा त्या एका उत्तराने सगळे गेले, असे समजण्याचे कारण नाही.

तरीही तो प्रश्न चांगला होता, आणि तो पुन्हा विचारला जाईल, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबू. खाजणाला, म्हणजे भरतीचे पाणी चढणाऱ्या खाडीकाठच्या जमिनीला, बांध घालायचा, बांधाला उघाडी ठेवायची, ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जाऊ द्यायचे आणि भरतीला दार मिटून खारे पाणी अडवायचे, यावर आपली सगळी खारजमीन उभी आहे. उघाडीचे दार कुजले किंवा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाला खांड पडली, की खारे पाणी आत येते, भात जाते आणि पुढे त्या चिखलात कांदळ रुजते. म्हणजे सरांनी जी आपत्ती म्हणून विचारली, तीच घटना तुमच्या संशोधनाचा विषय आहे. “मी दोन खाजणे घेतली आहेत, एक फुटलेले आणि एक शाबूत. शाबूत बांध मधेच गेला, तर तो जाण्यापूर्वीच्या माझ्या नोंदी हाती असतील, आणि फुटण्याआधीचे व नंतरचे मोजमाप एकाच जागेवर मिळणे ही दुर्मिळ गोष्ट आहे,” असे सांगता आले असते. एक वही घ्या आणि मुलाखतीतील सगळे प्रश्न, आठवतील त्या क्रमाने, प्रत्येकाखाली आज सुचणाऱ्या उत्तरासह लिहून काढा. निकाल कोणताही लागला तरी ही वही पुढच्या मुलाखतीला, आणि त्याहून अधिक संशोधन आराखडा पक्का करताना, उपयोगी पडेल.

आता सात आठवड्यांविषयी. निकाल लांबतो तो बहुधा उमेदवारामुळे नसतो. कागदपत्रांची पडताळणी, आरक्षणानुसार याद्या लावणे, निधीची मंजुरी, समितीच्या सर्व सदस्यांच्या सह्या, यांपैकी एक गोष्ट अडली तरी संपूर्ण यादी अडते आणि निवड झालेले, न झालेले सगळेच ताटकळतात. शांततेतून अर्थ काढू नका. सांगितलेली मुदत उलटली आहे, तेव्हा कार्यालयाला एक मेल जरूर लिहा: अर्ज क्रमांक, मुलाखतीची तारीख आणि “निकाल साधारण केव्हा अपेक्षित आहे” हा एकच प्रश्न. समितीतील सदस्यांना व्यक्तिशः फोन किंवा मेल करू नका. तुमचा हेतू सरळ असला तरी त्यांची अडचण होते. तीन आठवड्यांत उत्तर आले नाही, तर त्याच मेलचा संदर्भ देऊन पुन्हा विचारा. शासकीय संस्था असेल, तर निकालानंतर स्वतःचे मुलाखतीचे गुण माहितीच्या अधिकारात मागता येतात. २००५ च्या त्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. निकालापूर्वी मात्र तो अर्ज करू नये, असे माझे मत आहे.

सड्यावर रोज एकदा जा, दिवे लागण्याच्या आत परत या, आणि मेलमधील स्पॅमचा कप्पाही पाहा. रोज एकदा जाणे आवश्यकच आहे, कारण निवड झाल्यावर स्वीकारपत्र देण्याची मुदत पुष्कळदा मोजक्याच दिवसांची असते. चार वेळा चढून मात्र केवळ पायांना आणि मनाला त्रास होतो.

तासिका तत्त्वावरील काम घ्या, असे मी स्पष्टपणे सांगेन. बहुतेक पूर्णवेळ फेलोशिपमध्ये दुसरी पगारी नोकरी चालत नाही, म्हणून महाविद्यालयाला आरंभीच लेखी कळवा की फेलोशिप मिळाल्यास आपल्याला काम सोडावे लागेल. सोडताना राजीनामा स्वीकारल्याचे पत्र घेऊन जपून ठेवा. काम घ्या म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते फारसे कोणी सांगत नाही. निकाल लागला म्हणजे पैसे आले, असे होत नाही. रुजू झाल्याचा अहवाल, बँक खात्याची जोडणी, मार्गदर्शकांची आणि विभागाची सही, मग विद्यापीठाची मंजुरी, या वाटेने पहिला हप्ता येईपर्यंत महिने जातात आणि मग थकबाकीसह एकदम रक्कम जमा होते. माझा पहिला हप्ता रुजू झाल्यापासून आठव्या महिन्यात आला होता. तोवर माझ्या खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे थोरल्या भावाने कलमांच्या आंब्यांच्या पेट्या विकून भरले. ज्यांच्या पाठीशी अशी बाग नाही, त्यांनी निदान सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच रुजू व्हावे. तासिकांचे मानधनही वेळेवर मिळतेच असे नाही, तेव्हा ते केव्हा मिळते हे तेथे आधी शिकवून गेलेल्यांना विचारून घ्या.

या वेळी नकार आला तरी वाट बंद होत नाही. तुम्ही ज्या गटात उत्तीर्ण झालात, त्यातील नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एक वर्ष ग्राह्य धरतात. त्यात परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. म्हणजे फेलोशिपचा निकाल येवो अथवा न येवो, प्रवेशाचा अर्ज त्या वर्षाच्या आत झालाच पाहिजे. जेआरएफसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षांची आहे आणि महिलांना तीत ५ वर्षांची सवलत मिळते, त्यामुळे तुम्हाला अजून बराच अवकाश आहे. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) म्हणून ४२,००० रुपये झाली आहे. पीएच.डी.ची नोंदणी आधी होऊन जेआरएफ नंतर मिळाली तरी ती घेता येते.

शेवटी मे महिन्याविषयी, ज्यासाठी मी घाईने पत्र टाकले. खारजमिनीतील क्षार पावसाळ्यापूर्वी सर्वाधिक असतात आणि पावसाने धुऊन जातात. जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला, की या वर्षीचे ते मोजमाप पुन्हा मिळणार नाही. पुढच्या मेपर्यंत थांबावे लागेल. फेलोशिप नसताना प्रयोगशाळेचा खर्च करता येत नाही, परंतु पिशव्यांत नमुने घेऊन, सावलीत वाळवून, त्यांवर तारीख, तिथी आणि जागा लिहून ठेवण्यास काही खर्च येत नाही. जुन्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत क्षारतामापक असेलच, तो मागून पाहा. येत्या अमावास्येच्या उधाणाला आणि त्यानंतरच्या अष्टमीच्या भांगाला (सर्वांत कमी भरतीला), दोन्ही खाजणांत पाणी कुठवर चढते ते खुंटी मारून नोंदवा. बांधावरच्या वयस्कर माणसांना कोणत्या वर्षी कोठे खांड पडली होती, हेही याच दिवसांत विचारा, कारण पेरण्या सुरू झाल्यावर त्यांना बोलायला उसंत नसते.

प्रश्न: मी कुडाळचा. सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर ब्रिटनमधील एका विद्यापीठात, तेथील संशोधन परिषदेच्या निधीवरील पीएच.डी.साठी ऑनलाइन मुलाखत दिली. “तुमचे नाव प्रतीक्षायादीत आहे,” असा मेल आला आहे. हा सौम्य शब्दांतील नकार समजावा का?
(एक वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर: नकार समजू नका. प्रतीक्षायादीत नाव घेताना समितीने तुम्हाला निधी देण्यायोग्य ठरवलेले असते. जागा संपलेल्या असतात. चांगल्या उमेदवारांकडे दोन-तीन ठिकाणची पत्रे असतात आणि ते एक स्वीकारून बाकीची सोडतात, तेव्हा यादी सरकते. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. यूकेआरआयच्या (तेथील संशोधन परिषदांच्या एकत्रित संस्थेच्या) निधीवरील जागांपैकी साधारण ३० टक्क्यांपर्यंतच परदेशी विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे तेथील स्थानिक विद्यार्थ्याने जागा सोडली म्हणून ती तुम्हाला मिळेलच असे नाही. यासाठी कार्यालयाला तीन गोष्टी विचारा: यादीत आपला क्रमांक कितवा आहे, परदेशी उमेदवारांची यादी वेगळी आहे का, आणि यादी कोणत्या तारखेला बंद होते.

पैशांचा हिशेब आताच मांडून ठेवा. या निधीत निवड झाल्यास स्थानिक आणि परदेशी शुल्कातील फरक विद्यार्थ्याकडून घेतला जात नाही, आणि २०२५-२६ साठी किमान विद्यावेतन वर्षाला २०,७८० पौंड ठरले होते. परंतु व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. तो विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड असून संपूर्ण मुदतीचा एकदम घेतात. चार वर्षांचे ३,१०० पौंडांहून अधिक होतात आणि विद्यावेतनाचा पहिला पैसा हाती येण्यापूर्वीच ते भरायचे असतात. काही विद्यापीठे ही रक्कम देतात, तेव्हा तेही विचारा, आणि देत नसतील तर बँकेशी आताच बोला. पासपोर्टची मुदत पाहून ठेवा. व्हिसासाठी लागणारा क्षयरोग तपासणीचा दाखला मात्र आताच काढू नका, कारण तो सहा महिनेच चालतो.

प्रश्न: श्रीवर्धनला आमची सुपारीची बाग आहे. २०२० च्या निसर्ग वादळात ती आडवी झाली, नवी रोपे आता कुठे धरू लागली आहेत. मुलीने फेब्रुवारीत अर्ज केला, एप्रिलमध्ये मुलाखत दिली. आता ती घरात कोणाशी फारशी बोलत नाही. रोज विचारले तर चिडते, न विचारावे तर तिला वाटते आम्हाला पर्वा नाही. मी वडील म्हणून काय करू शकतो?
(एक पालक, रायगड)

उत्तर: तुम्ही करू शकता असे एक काम आहे आणि ते तिच्या हातून या दिवसांत होणार नाही. तिने फेब्रुवारीत जोडलेला उत्पन्नाचा दाखला बहुधा ३१ मार्चलाच संपला असेल. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागत असेल, तर त्याचीही मुदत ३१ मार्चलाच संपते, ती कोणत्या वर्षापर्यंत आहे ते पाहा. पडताळणीच्या वेळी कार्यालयाने चालू वर्षाचे दाखले मागितले आणि ते नसले, तर हातातोंडाशी आलेली जागा जाऊ शकते. एका उमेदवाराची अशी जागा गेलेली मी पाहिली आहे. तलाठ्यांकडून अहवाल घ्या, सेतूत अर्ज करा, आणि आडनाव, नाव, वडिलांचे नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच छापले आहे का, हे काउंटर सोडण्यापूर्वी वाचून घ्या.

निकालाचे रोज विचारू नका. दाखले आणून तिच्या टेबलावर ठेवा आणि कशासाठी आणले ते एकदा सांगा. नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या. निकाल लागला की आम्हीच कळवू, एवढे त्यांना सांगितले म्हणजे पुरे. जमल्यास शिंपण्याच्या वेळी तिला बागेत सोबत न्या आणि तेथे ती बोलली तर ऐका.