वाचकांचे प्रश्न : विजेच्या गाडीत सबवूफर बसवताना

प्रश्न : माझ्याकडे २०२१ सालची टाटा नेक्सॉन ईव्ही आहे; बॅटरी ३०.२ युनिटची. मला अभंग आणि भजने ऐकण्याची आवड आहे, परंतु गाडीच्या मूळ स्पीकरांतून पखवाजाच्या डाव्या पुडीचा घुमारा ऐकूच येत नाही. ३०० वॉटचा सबवूफर (खर्जाच्या आवाजाचा वेगळा स्पीकर) बसवला तर रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर, किती घटेल, आणि मोठ्या बॅटरीवर ताण येईल का? दुकानदार तीन तासांत काम करून देतो म्हणतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : रेंजची काळजी आपण मनातून काढून टाकावी. ३०० वॉट ही अॅम्प्लिफायरची कमाल क्षमता झाली. पखवाजावर थाप पडते त्या क्षणापुरतीच वीज जास्त लागते, आणि घरच्यांसोबत ऐकण्याच्या आवाजात सरासरी खप शंभर वॉटांच्या आतच राहतो. शंभर वॉट तासभर वापरले तर ०.१ युनिट होते. एका युनिटमध्ये आपली गाडी साधारण सात किलोमीटर जाते असे धरले, तर तासभराच्या भजनाला पाऊण किलोमीटरही लागत नाही. नाशिकहून पुण्याला पाच तास सलग ऐकत गेलात तरी तीन-साडेतीन किलोमीटरांचाच फरक पडेल. उन्हाळ्यात एसी याच्या दसपट वीज सहज घेतो.

मोठ्या बॅटरीचा प्रश्न मात्र नीट समजून घ्यायला हवा. विजेच्या गाडीत दोन स्वतंत्र वीजव्यवस्था असतात. चाके फिरवणाऱ्या बॅटरीचा दाब तीनशे व्होल्टांच्या आसपास असतो आणि तिच्या केबल नारिंगी रंगाच्या असतात. त्यांना प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणीही हात लावायचा नसतो. ‘थेट मोठ्या बॅटरीवरून लाइन घेऊ’ असे कोणी म्हणाला, तर त्याच्याकडे गाडी क्षणभरही ठेवू नये. दिवे, हॉर्न, म्युझिक सिस्टिम हे सारे चालते ते वेगळ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर, आणि सबवूफरची जोडणी तेथूनच करायची. पेट्रोलच्या गाडीत ही बॅटरी अल्टरनेटर भरतो आणि सिग्नलला गाडी थांबली की त्याची ताकद कमी होते. आपल्या गाडीत ते काम मोठ्या बॅटरीचा दाब उतरवून देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो आणि सुरू असलेली गाडी उभी असो वा पळत असो, साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टांचा पुरवठा टिकवतो. याबाबतीत विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा सरसच आहे.

माझी खरी भीती स्क्रूची आहे. अॅम्प्लिफायरची अर्थिंग द्यायची म्हणून किंवा खोका हलू नये म्हणून डिकीच्या पत्र्यात ड्रिल मारून स्क्रू ठोकण्याची सवय आपल्याकडील बऱ्याच कारागिरांच्या हातात बसलेली आहे. पेट्रोलच्या गाडीत त्याने बहुधा गंज लागतो, परंतु आपल्या गाडीची बॅटरी तळाखालीच आहे, आणि आत शिरलेला एक लांब स्क्रू काय करील याची कल्पनाही नको वाटते. म्हणून गाडी देताना स्वच्छ सांगावे, आणि शक्य असल्यास स्वतः उभे राहून पाहावे, की तळाला कोठेही भोक पाडले जाणार नाही. अर्थिंग कंपनीने दिलेल्या बोल्टवरच घ्यावी, खोका पट्ट्याने बांधावा.

वायरिंगमध्ये काटकसर करू नये. ३०० वॉटच्या ‘क्लास डी’ (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारच्या) अॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर पूर्ण आवाजात तो सुमारे २८ अँपियर ओढतो. त्यासाठी १० चौरस मिलिमीटर जाडीची शुद्ध तांब्याची वायर आणि ४० अँपियरचा फ्यूज पुरेसा आहे. हा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा, कारण तो वायरीला वाचवण्यासाठी असतो; डिकीत बसवलेला फ्यूज मधल्या वायरीला लागलेली आग थांबवू शकत नाही. तयार किटमध्ये पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर येते. एक तार ब्लेडने खरवडावी. आत पांढरी दिसली तर ती परत करावी. ध्वनीचा संकेत घेताना मूळ वायरी न कापता कपलर-टू-कपलर जोडणीच, म्हणजे प्लगात प्लग बसणारी जोडणी, मागावी, आणि सीटखालच्या पिवळ्या कपलरना हात लावू देऊ नये, कारण ते एअरबॅगचे असतात.

पखवाजासाठी मी बंद खोक्यातला दहा इंची सबवूफर सुचवीन. छिद्राच्या खोक्याचा आवाज मोठा असतो, परंतु त्यात घुमारा रेंगाळतो आणि द्रुत लयीतील थापा एकमेकींत मिसळतात. डिकीची जागा हवी असेल तर सीटखाली मावणारा आठ इंचीही चालेल. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे आपल्याला फार मोठा आवाज ठेवावाच लागणार नाही. पण त्याच शांततेमुळे नंबर प्लेटची आणि डिकीच्या दाराची थरथरही स्पष्ट ऐकू येते. अधिक वॉटांसाठी राखलेले पैसे दाराच्या आतून थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट लावण्यावर खर्च करावेत.

बॅटरीची आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी जपायची असल्याने, काम करण्यापूर्वी अधिकृत सेवा केंद्राकडून लेखी उत्तर घ्यावे. विमा कंपनीलाही कळवावे.

प्रश्न : सबवूफर बसवल्यापासून माझी विजेची गाडी सकाळी तीन वेळा सुरूच झाली नाही. रात्री चार्ज ८० टक्के होता. मोठी बॅटरी बिघडली का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लक्षणांवरून १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली दिसते. मोठ्या बॅटरीला जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) याच छोट्या बॅटरीवर चालतात; ती उतरली की वीज भरपूर असूनही गाडी जागी होत नाही. बहुधा अॅम्प्लिफायरची ‘रिमोट’ वायर, म्हणजे त्याला चालू-बंद होण्याचा इशारा देणारी वायर, कारागिराने कायम चालू असणाऱ्या लाइनला जोडली आहे, त्यामुळे तो रात्रभर जागा राहून अर्धा-एक अँपियर खात बसतो. गाडी बंद केली की ज्या फ्यूजची वीज बंद होते, त्यावरच ती वायर घ्यावी. गाडी कुलूपबंद करून तासाभराने अॅम्प्लिफायरच्या वायरीवर मीटर लावून पाहावा. तेथे प्रवाह जवळजवळ शून्य हवा. उभ्या गाडीत गाणी ऐकताना ती ‘रेडी’ (चालवण्यास तयार) स्थितीत ठेवावी, म्हणजे कन्व्हर्टर बॅटरी भरत राहतो. तीनदा पूर्ण उतरलेली लेड-अॅसिड बॅटरी कमजोर झालेली असते. तिची लोड टेस्ट करून घ्यावी.

प्रश्न : दोन हजार रुपयांच्या सबवूफरवर १००० वॉट लिहिलेले आहे. घ्यावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : त्याच्या अॅम्प्लिफायरवरील फ्यूज पाहावा. फ्यूज १५ अँपियरचा असेल तर १५ गुणिले साडेतेरा व्होल्ट, त्याचे ८० टक्के, म्हणजे सुमारे १६० वॉट. यापेक्षा जास्त तो सलग देऊच शकत नाही. १६० वॉटांना ती किंमत पटत असेल तर घ्यावा.