‘द वायर’ इतक्या वर्षांनी पाहण्यात अर्थ आहे का?

प्रश्न असा आहे : “‘द वायर’ या अमेरिकन मालिकेची फार स्तुती ऐकून पहिले तीन भाग पाहिले, पण काहीच घडत नाही असे वाटून ती सोडून दिली. पेजर आणि नाणे टाकायच्या फोनच्या काळातली ही मालिका आज पुढे पाहावी का? आणि ती खरोखर वास्तववादी आहे की नुसते नाव झाले आहे?”

मी उदगीरच्या न्यायालयात २० वर्षांहून अधिक काळ, मुख्यतः फौजदारी, वकिली करतो आणि ही मालिका मी ती संपल्यानंतर १२ वर्षांनी, २०२० च्या टाळेबंदीत पाहिली. न्यायालयाचे कामकाज जवळजवळ बंद होते, पक्षकार येत नव्हते, फाइली वाचून संपल्या होत्या. त्यामुळे उशिरा पाहण्याबद्दल आणि वास्तवाबद्दल, दोन्ही बाबतींत मला थोडेफार सांगता येईल. पाहावी, हे माझे उत्तर आहे. तीन भागांवर सोडणे म्हणजे नुसती फिर्याद वाचून निकाल देण्यासारखे आहे.

बाल्टिमोर या अमेरिकन शहरातले पोलीस आणि अमली पदार्थांच्या टोळ्या यांची ही गोष्ट आहे. जून २००२ ते मार्च २००८ या काळात एचबीओ वाहिनीवर तिचे ५ सीझन आणि ६० भाग दाखवले गेले. निर्माते डेव्हिड सायमन हे ‘बाल्टिमोर सन’ या वृत्तपत्रात गुन्हे वार्ताहर होते आणि त्यांचे सहलेखक एड बर्न्स हे त्याच शहराच्या पोलीस दलात खुनांचा तपास करीत असत. निवृत्तीनंतर त्यांनी तिथल्या सरकारी शाळेत शिकवलेही. साडेसहा लाख वस्तीच्या ज्या शहरात २००२ ते २००७ या प्रत्येक वर्षी अडीचशेहून अधिक खून झाले, त्या शहरात आयुष्य घालवलेल्या या दोघांनी ही मालिका लिहिली आहे, हे पाहताना जाणवत राहते. आमच्या लातूर जिल्ह्याची लोकसंख्या त्या शहराच्या जवळजवळ चौपट आहे आणि तरीही तो आकडा वाचून मी दोनदा खात्री करून घेतली होती.

आता ‘काहीच घडत नाही’ या तक्रारीकडे येतो. तुम्ही पाहिलेल्या पहिल्याच भागात खुनाच्या खटल्यातली एक साक्षीदार, जी इमारतीची सुरक्षारक्षक आहे, पिंजऱ्यात उभी राहून आधीचा जबाब फिरवते, आरोपी सुटतो, आणि मागच्या बाकांवर बसलेली त्याची माणसे शांतपणे उठून निघून जातात. साक्षीदार फितूर होणे ही आमच्याकडे रोजची गोष्ट आहे. परंतु पडद्यावर ती नेहमी धमकीच्या फोनने, रडण्याने किंवा निदान पार्श्वसंगीताने सांगितली जाते. इथे कोणी कोणाला काही बोलत नाही. साक्षीदार क्षणभर मागच्या बाकांकडे पाहते, एवढेच. मी ती बाके ओळखतो, आणि त्यांच्यावर बसून फक्त पाहणारी माणसेही ओळखतो. ज्यांना हे दृश्य साधे वाटले त्यांचा दोष नाही. कारण ते खरोखरच साधे आहे, आणि संगीत तर मालिकेत बहुतेक वेळा त्या जागी वाजत असलेल्या रेडिओचे किंवा गाडीचेच असते.

तुम्ही नेमके चौथ्या भागाच्या उंबरठ्यावर थांबलात, याची मला जास्त हळहळ वाटते. त्या भागाच्या सुरुवातीला पोलिसांच्या कार्यालयाच्या दारात एक जडशीळ टेबल अडकलेले आहे. एक जण ढकलतो, दुसरा मदतीला येतो, तिसरा येतो, घाम गाळून सगळे दमतात, मग एक जण म्हणतो की अशाने हे कधीच आत जायचे नाही, आणि समोरचा चकित होऊन विचारतो, “आत?” इतका वेळ अर्धे लोक टेबल आत लोटत होते आणि अर्धे बाहेर. सरकारी कचेरीत ज्याने एकदा तरी कपाट हलवले आहे, त्याला या दृश्याचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. याच भागात दोन पोलीस जुन्या खुनाची जागा तपासतात, फोटो, मोजपट्टी आणि एक पेन्सिल घेऊन गोळी कुठून आली ते शोधतात, आणि संपूर्ण प्रसंगात एकाच शिवीच्या वेगवेगळ्या रूपांपलीकडे दुसरा शब्द उच्चारत नाहीत. मी असंख्य घटनास्थळ पंचनामे वाचले आहेत. त्यांतल्या ‘सदर ठिकाणी पंचांसमक्ष’ या भाषेपेक्षा ती शिवी तपासाचे काम अधिक नेमके सांगते.

पेजरबद्दल तुमची शंका रास्त आहे, पण माझा अनुभव उलटा आहे. पाचव्या भागात अमली पदार्थ विकणाऱ्या टोळीच्या पेजरवर येणारे आकडे पोलिसांना जुळत नाहीत, कारण ते खरे फोन क्रमांक नसतात. एक नवखा, हातून चूक झाली म्हणून टेबलाशी बसवलेला पोलीस फोनच्या कीपॅडकडे पाहत बसतो आणि त्याला उलगडते की मुले मधल्या ५ वरून उडी मारत आहेत : १ च्या जागी ९, २ च्या जागी ८, ३ च्या जागी ७, ४ च्या जागी ६, आणि ५ व ० ची आपसात अदलाबदल. म्हणजे पेजरवर ७४२ उमटले तर फोनवर फिरवायचे ३६८. अल्पशिक्षित पोरांनाही गणित न करता वापरता यावी अशी ही युक्ती आहे. ते पाहताना मला आमचे मिस्ड कॉलचे दिवस आठवले, जेव्हा एक रिंग म्हणजे ‘एसटीत बसलो’ आणि दोन रिंगा म्हणजे ‘स्टँडवर न्यायला या’ असे घराघरांत ठरलेले असे आणि त्याला पैसाही पडत नसे. यंत्र जुने झाले आहे, म्हणूनच त्यामागचे डोके स्पष्ट दिसते. आजच्या एन्क्रिप्टेड मेसेजवर अशी मालिका केली असती तर पडद्यावर नुसते बोट सरकताना दिसले असते.

वास्तवाच्या बाबतीत माझ्या दृष्टीने या मालिकेचे सर्वांत मोठे बळ बंदुकांत नाही, परवानग्यांत आहे. फोन ऐकायला न्यायाधीशाची मंजुरी लागते, त्यासाठी तपासाचे बाकीचे मार्ग थकले हे शपथपत्रावर दाखवावे लागते. मंजुरी मिळाली तरी रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनवर आपलाच माणूस बोलतो आहे हे छतावर बसलेल्या पोलिसाने डोळ्यांनी पाहून नोंदवायचे, आणि बोलणे घरगुती निघाले तर ऐकणे थांबवायचे. आपल्याकडे ही परवानगी न्यायाधीश देत नाही, गृह सचिव देतो; आणि आजची चौकट १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतून आली आहे. त्यामुळे मालिकेतली पद्धत आपल्याकडची समजू नये. मात्र पुरावा मिळणे वेगळे आणि तो न्यायालयात टिकणे वेगळे, हे दुखणे दोन्हीकडे सारखेच आहे.

योगायोग असा की मी ही मालिका पाहत होतो त्याच पावसाळ्यात, १४ जुलै २०२० रोजी, आमच्या मराठवाड्यातल्याच प्रकरणात हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला होता की नाही, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचे होते. त्या ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’ या खटल्यात न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरणच हजर केलेले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र, म्हणजे तो कोणत्या उपकरणातून कसा घेतला याचा दाखला, हवेच. मी दिवसा तो निकाल वाचत होतो आणि रात्री बाल्टिमोरचे पोलीस छतावर बसून कोणी किती वाजता फोन उचलला ते लिहीत होते. माझ्याच एका प्रकरणात, जिथे मी आरोपीच्या बाजूने उभा होतो, मोबाइल कंपनीचे प्रमाणपत्र जोडायचे राहिले म्हणून सरकार पक्षाचे सगळे कॉल रेकॉर्ड बाद झाले होते. मी खटला जिंकलो. पण हे प्रमाणपत्र मागवायचे कोणाच्या डोक्यात का आले नाही, याचे उत्तर मला ही मालिका पाहताना सापडले. तपास अधिकाऱ्याला वरून विचारणा होते ती दोषारोपपत्र किती दिवसांत गेले याची.

आकड्यांचा हा ताप दुसऱ्या सीझनमध्ये अधिक उघड होतो. बंदरावरच्या एका कंटेनरमध्ये १३ तरुणींचे मृतदेह सापडतात, एक त्याआधी पाण्यात तरंगताना मिळालेला असतो, आणि हे १४ न उलगडणारे खून आपल्या हद्दीत नकोत म्हणून वेगवेगळ्या यंत्रणांची ढकलाढकल सुरू होते. वरिष्ठांची खप्पामर्जी होऊन गस्तीच्या बोटीवर पाठवलेला मॅकनल्टी हा मालिकेतला प्रमुख पोलीस भरती-ओहोटी आणि वाऱ्याची गणिते मांडून ते ओझे मुद्दाम आपल्याच जुन्या वरिष्ठाच्या माथी मारतो. आमचा तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे, त्यामुळे हद्दीचा वाद मला नवा नाही. कुठेही दाखल करता येणाऱ्या ‘झिरो एफआयआर’ला १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कायद्यातच जागा दिली, तोवर फिर्यादीला एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात पाठवले जाताना मी पुष्कळदा पाहिले आहे. बंदर, क्रेन, गोदी कामगारांची युनियन हे सगळे अचानक आल्याने अनेक जण याच सीझनवर मालिका सोडतात. तुम्ही सोडू नका. मला तर तोच सर्वांत आवडतो. त्यात एक उलटतपासणी आहे, ज्यात टोळीचा वकील साक्षीदाराला बांडगूळ ठरवू पाहतो आणि साक्षीदार शांतपणे सुचवतो की फरक एवढाच आहे, माझ्या हातात बंदूक आणि तुमच्या हातात ब्रीफकेस. वकील म्हणून मी हसलो, आणि नंतर जरा वेळ गप्प बसलो.

चौथा सीझन शाळेचा आहे. माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तोवर तिने “काय बघायलाव एवढं रात्र-रात्र?” यापलीकडे मालिकेत रस घेतला नव्हता. तो पेजरची खूण उलगडणारा पोलीस नोकरी सोडून आता गणिताचा शिक्षक झालेला असतो, आणि वर्ग जेमतेम ताब्यात येतो तेवढ्यात त्याला सांगितले जाते की सरकारी चाचणीत येणारेच प्रश्न घोटून घ्या. पोलिसांत गुन्ह्यांचे आकडे जसे बसवले जातात तसेच हे आहे, हे त्याच्या तिथल्या तिथे लक्षात येते. पत्नी हातातला मोबाइल घेऊन दारातच उभी होती. ती म्हणाली, “आमच्या ग्रूपवर आत्ताच लिंक आलीय. किती पोरांनी ऑनलाइन अभ्यास केला, ते पाचच्या आत भरायचं. निम्म्या पोरांच्या घरी तसला फोनच न्हाई, मी काय भरू?” तिने काय भरले ते मी विचारले नाही. त्या रात्रीपासून मात्र चौथा सीझन आम्ही दोघांनी मिळून पाहिला.

दोष आहेतच. पाचव्या सीझनमध्ये एक पोलीस अधिकारी तपासाला पैसा मिळावा म्हणून जो बनाव रचतो, तो माझ्यातल्या वकिलाला शेवटपर्यंत पटला नाही. चार सीझन प्रत्येक कागदाचा हिशेब ठेवणाऱ्या लेखकांनी इथे फार सैल हात सोडला. वृत्तपत्राच्या कार्यालयाच्या प्रसंगांत सायमन यांचा जुन्या नोकरीवरचा राग जरा जास्तच डोकावतो, असेही मला वाटते. या मालिकेला एकही एमी पुरस्कार मिळाला नाही, हे तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच; पाहण्याच्या निर्णयाशी त्याचा संबंध नाही.

इंग्रजी चांगले असले तरी सबटायटल्स सुरू ठेवा. तिथल्या रस्त्यावरची बोली आपल्या कानाला चटकन लागत नाही, आणि ‘री-अप’ म्हणजे नवा माल आणि ‘बर्नर’ म्हणजे वापरून फेकायचा फोन हे ओघातच कळते. मूळ चित्रण जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकाराचे होते, २०१४ मध्ये ते रुंद करण्यात आले. रुंद आवृत्ती मिळाली तरी बिघडत नाही. एका रात्री दोन भागांपेक्षा जास्त पाहू नका, नाहीतर नावांचा गोंधळ होतो आणि पुन्हा मागे जावे लागते.

चौथा भाग लावाल तेव्हा कोपऱ्यात बसून बाहुल्यांच्या घरातले चिमुकले लाकडी सामान घासत राहणाऱ्या त्या शांत माणसावर लक्ष ठेवा. वरिष्ठांचे न ऐकता नियमाने तपास केला म्हणून त्याला १३ वर्षे ४ महिने गहाणवटीच्या दुकानांच्या नोंदी तपासायला बसवलेले होते. आपल्याकडे अशा अधिकाऱ्याची कंट्रोल रूमला बदली होते.