टीव्हीवरचं प्लास्टिक

प्रश्न : गुरुजी, नमस्कार. राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या वाडीत आमची दोनशिक्षकी शाळा आहे. पहिली ते पाचवी, पट १७. गेल्या गणपतीत मुंबईकर मंडळाने ४३ इंची स्मार्ट टीव्ही दिला. नारळ फुटला, फोटो झाले. पण मोबाईलला रेंज फक्त सड्यावर आणि शाळा खाली. नेट नाही म्हणून टीव्ही बंदच. पावसात बिघडू नये म्हणून जूनपासून प्लास्टिक गुंडाळून ठेवलाय. यंदा मंडळी गणपतीला येतील तेव्हा विचारतील. काय सांगू? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, ते प्लास्टिक आज काढा. बाकीचं उत्तर सवडीने वाचलंत तरी चालेल.

हे मी पापक्षालन म्हणून सांगतोय. दापोली तालुक्यात मास्तरकी करत असताना, वीसेक वर्षांपूर्वी, आमच्या शाळेला कोणीतरी जुना संगणक दिला होता. मीही तुमच्यासारखाच काळजीवाहू. शिवलेलं प्लास्टिकचं आवरण घातलं, वर चादर टाकली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या जानव्याला बांधायची तेवढी बाकी ठेवली. श्रावणात उघडून बघतो तर कीबोर्डवर पांढरी बुरशी. बटण दाबलं, फट्ट आवाज झाला आणि जळका वास आला. दुरुस्तीवाल्याने डबा खोलला तर पॉवर सप्लायमध्ये पालीचा कोळसा! बिचारी उबेला गेली असणार. पोरं पुढचे दोन महिने मला विचारत होती, "गुरुजी, पाल शिकली का?"

तेव्हा दुरुस्तीवाल्याने सांगितलेलं अजून लक्षात आहे. प्लास्टिकच्या आत अडकलेली दमट हवा रात्री गार झाली की तिचं पाणी होतं आणि ते आतल्या पट्ट्यांवरच बसतं. त्यात आपली खारी हवा. मीठ ओल धरून ठेवतं आणि पिनांवर हिरवं चढतं. यंत्र चालू असलं की स्वतःच्या उबेनेच सुकतं. म्हणजे पावसाळ्यात टीव्ही रोज अर्धा तास तरी लागलाच पाहिजे, मग त्यावर काही बघा नाहीतर बघू नका. मात्र प्लास्टिक काढल्या काढल्या बटण दाबू नका. दोन दिवस उघडा राहू दे, आतली ओल जाऊ दे. चिऱ्याची भिंत पाझरत असेल तर टीव्ही भिंतीला चिकटून नको, मागे चार बोटं जागा ठेवा. परतीच्या पावसात गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपटा. डिशची वायर असेल तर तीही काढा.

आता नेटचं. तुमच्या टीव्हीला नेट लागतं हे तुम्हाला सांगितलं कोणी? त्याच्या मागे किंवा बाजूला पेनड्राइव्हचं भोक असेल. आठवड्यातून एकदा तुम्ही सड्यावरून येता-जाता किंवा राजापूरला बाजाराला जाता, तेवढ्यात मोबाईलवर लागेल ते उतरवून घ्या. केंद्र सरकारचं 'दीक्षा' हे अभ्यासाचं ॲप २०१७ पासून चालू आहे. पाठ्यपुस्तकातल्या चौकोनी क्यूआर कोडमागचे धडे त्यावर असतात आणि ॲपमध्ये ते उतरवून ठेवता येतात, मग बघायला नेट लागत नाही. मोबाईलचा पडदा टीव्हीवर दाखवायची सोय बहुतेक स्मार्ट टीव्हीत असते. बहुतेक वेळा तीही नेटवाचून चालते, कारण फोन आणि टीव्ही आपापसातच बोलतात. पेनड्राइव्ह टीव्हीने ओळखला नाही तर तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट करून बघा. त्यावर चार जीबीहून मोठी फाईल बसत नाही, पण पाचवीच्या पोरांना एवढा मोठा सिनेमा दाखवायचाच कशाला?

मला स्वतःला त्याहून आवडतं ते 'किविक्स'. हे फुकट ॲप आहे. अख्खा मराठी विकिपीडिया एका फाईलमध्ये उतरवून घ्यायचा आणि नेटशिवाय वाचायचा. गंमत पुढे आहे : ज्या फोनवर ती फाईल आहे त्यावर किविक्समधलीच हॉटस्पॉटची सोय चालू केली की वर्गातले बाकीचे फोनही त्याच्यातून वाचू शकतात. रिचार्ज नसलेला, काच तडकलेला फोनसुद्धा चालतो. माझ्या सुनेचा जुना फोन आमच्या वाडीतल्या शाळेत हेच काम करतोय. पोरांनी त्यात पहिल्यांदा काय शोधलं असेल? आपल्या गावाचं नाव. सापडलं नाही, मग सुवर्णदुर्ग शोधला. तो सापडला.

गणितासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट'चे खेळ बघा. २००२ पासूनचा प्रकल्प आहे. त्यातले कितीतरी खेळ मराठीत आहेत आणि एकेक खेळ उतरवून घेता येतो. अपूर्णांक शिकवताना भाकरीचे तुकडे करून मी दमलो होतो, त्या काळात हे हवं होतं.

राहिली वीज. टीव्हीच्या मागच्या लेबलावर वॅट लिहिलेले असतात. समजा १०० आहेत. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-अवर. तिला निम्म्याखाली उतरवायची नाही, इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो, म्हणजे हाताशी सात तास. रोज दोन तास टीव्ही लावलात तर तीन दिवस वीज नसली तरी निभतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या दापोली-मंडणगडात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तिथे कुठलाच हिशेब चालत नाही, ते सोडा. मंडळाने यंदा विचारलं तर हाच आकडा पुढे ठेवा आणि इन्व्हर्टर मागा. फोटो त्याच्याबरोबरही काढता येतो.

प्रश्न : मी देवगड तालुक्यातल्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. देणगीदार दहा टॅब द्यायला तयार आहेत. शाळेचं वायरिंग जुनं आहे, अर्थिंग नाही. मुलं २१. टॅब प्रत्येकाला पुरणार नाहीत, भांडणं होतील असं काही पालक म्हणतात. घ्यावेत का? – एक पालक

उत्तर : ताई, आधी अर्थिंग. ओल्या हाताचं पोर चार्जरला हात लावणार आहे, यापुढे काय बोलू? ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी मिळतो, त्यातला काही भाग अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणारा असतो. ग्रामसभेत शाळेचं वायरिंग आराखड्यात घालून घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तुमच्या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. तेवढे सगळे ग्रामसभेला आले तर सरपंचाला ऐकावंच लागेल.

पुरण्याची काळजी करू नका. दोघांत एक टॅब चांगलाच. पोरं मास्तराशिवाय आपली आपण शिकतात का हे बघायला १९९९ मध्ये संशोधक सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला आणि पुढे ती खिडकी आपल्या सिंधुदुर्गातही आली होती. एकाच्या हातात माऊस आणि चारजण मागून ओरडतायत, असंच ते शिक्षण. मात्र मास्तर जवळ नको, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. तुमच्याकडे एकेका मास्तराकडे दोन-तीन वर्ग असणार. तो चौथीला शिकवत असताना दुसरी रिकामी बसते, त्या वेळेला टॅब खरा उपयोगी. भांडणं होतीलच. ती पाटीवरूनही व्हायची.

मे महिन्याच्या सुट्टीत टॅब पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून कपाटात टाकू नका. निम्मं चार्जिंग ठेवून बंद करा. एखाद्या टॅबचं पोट, म्हणजे आतली बॅटरी, फुगलेलं दिसलं तर तो टॅब पुन्हा चार्जिंगला लावायचा नाही, पोरांच्या हातीही द्यायचा नाही.

प्रश्न : गुरुजी, माझं पुस्तक पऱ्ह्यात पडलं. चौकोन भिजला, मोबाईल तो वाचत नाही. – इयत्ता चौथी, गुहागर

उत्तर : बाळा, चौकोनाखाली सहा अक्षरं-आकडे छापलेले असतात. दीक्षा ॲपमध्ये ते हाताने टाईप केले तरी धडा उघडतो. तेही पुसले असतील तर बाकावरच्या जोडीदाराच्या पुस्तकातून उतरवून घे. आणि दप्तरात पुस्तकांना प्लास्टिक घाल. राजापूरच्या एका बाईंकडे ४३ इंची शिल्लक आहे.